कासवाच्या ओट्यावर

ओझेला जॅक्सनव्हिलहून कायमची घरी परतली, तेव्हा बापाचं रान तिला ओळखूच आलं नाही. फाटकाशी गाडी उभी करून ती बराच वेळ नुसती बघत राहिली. लहानपणी त्या फाटकातून पाहिलं की लांब पानांच्या पाइनच्या खोडांमधून नजर थेट ओढ्यापर्यंत जायची. खाली तारेसारखं बारीक, गुडघाभर तारगवत, वर पाइनचे शेंडे आणि मधे नुसती हवा. आता त्या मधल्या जागेत ओकची झुडपं माजली होती, त्यांच्यावर वेली चढल्या होत्या. जमिनीवर वाळलेल्या सुयांचा थर इतका जाड, की पाय टाकला की गादीत रुतल्यासारखा आत जायचा. तिने लावा पक्ष्यांचा आवाज ऐकायला कान दिला. काही ऐकू आलं नाही.

तिचा नवरा लुशस त्याच वर्षी गेला होता. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडून, शहरातलं भाड्याचं घर रिकामं करून ती आली होती. लग्नानंतरचं तिचं नाव गावात कुणाच्या तोंडी कधी बसलंच नाही. जॉर्जियाच्या त्या दक्षिण टोकाला ती एबनर थार्पची धाकटी ओझेलाच राहिली. थोरली व्हर्डी घर सोडून कधी गेलीच नव्हती. आईचं दुखणं तिने काढलं, मग डॅडींचं. डॅडींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि रान पेटवणं थांबलं. ते गेल्यावर तर कोण पेटवणार? शेजारपाजारच्यांनी तर ते केव्हाच सोडलं होतं. जंगलातली आग म्हणजे पाप, अशी पोस्टरं एके काळी टपाल कचेरीपासून शाळेपर्यंत सगळीकडे लागली होती, आणि लोकांनी ती मनावर घेतली होती.

एबनर थार्प मात्र शेवटपर्यंत म्हणायचे, की हे रान आगीशिवाय जगत नाही. फेब्रुवारीत, पाऊस पडून दोन दिवस उलटले आणि उत्तरेचा वारा सुटला, की ते राळेने माखलेल्या पाइनच्या ढलप्यांची मशाल करायचे. घरची सगळी पोरं ओली पोती घेऊन कडेने उभी. आग गवतातून सरपटत जायची, घोट्याएवढी, कुठे गुडघ्याएवढी. ओकची कोवळी रोपं करपायची, मोठ्या पाइनच्या जाड सालीला काही होत नसे. दुपारपर्यंत सगळं काळं. आणि पंधरवड्यात त्या काळ्यातून हिरवं गवत असं वर यायचं, की गुरंसुद्धा कुंपणाशी येऊन हंबरायची. ओझेलाला वाटे, जगात सगळीकडेच रानाची झाडलोट अशी होत असणार. शहरात गेल्यावर कळलं की नाही.

आल्यावर पहिल्या हिवाळ्यात तिने एकटीने पेटवायचा प्रयत्न केला आणि ती घाबरली. साचलेल्या सुयांनी अशी काही ज्वाळा धरली की आग झुडपांवरून पाइनच्या शेंड्यांकडे निघाली. गावातले चार लोक ट्रॅक्टर घेऊन धावले म्हणून थोडक्यात निभावलं. व्हर्डी दारात उभी राहून म्हणाली, "डॅडींचं रान होतं तेव्हा डॅडी होते. तू शाळेत सूप ढवळत होतीस."

ओझेलाला ते लागलं, कारण ते खरं होतं.

त्या आगीचा धूर बघून जो माणूस चौकशीला आला, तो ग्रेडी स्टिंचकोम. सरकारी वनखात्यातला, पन्नाशीला टेकलेला, उन्हाने मान लाल झालेला गोरा माणूस. ओझेलाला वाटलं, हा दंड करायला आलाय. तिने त्याला ओसरीवर बसवलं आणि थंड गोड चहा दिला. त्याने चहा संपवला, टोपी मांडीवर ठेवली आणि विचारलं, की तुमचे वडील हे रान कसं पेटवायचे ते मला सांगाल का. असं रान आता फार थोडं उरलंय, आणि त्यातलं बहुतेक ज्यांनी जपलं ती माणसंही उरली नाहीत.

त्या दिवसापासून दोघांची जी गट्टी जमली ती अखेरपर्यंत. तो तिला "मिस ओझेला" म्हणायचा आणि ती त्याला "मिस्टर ग्रेडी". त्याने तिला परवाना काढायला, वाऱ्याचा अंदाज घ्यायला, नांगराने मोकळी पट्टी ओढून आग अडवायला शिकवलं. साचलेला थर एकदम न जाळता ओलसर दिवस बघून थोडाथोडा जाळायला शिकवलं. तिने त्याला तिच्या बापाच्या खुणा दाखवल्या. कुठल्या बाजूने पेटवलं की ओढ्याकाठचा ओलावा आग आपोआप विझवतो, कुठे जमीन पोकळ आहे, कुठे धूर रस्त्यावर उतरतो. दर हिवाळ्याला थोडं थोडं करत झुडपं मागे हटली. पाचसहा वर्षांनी एका पहाटे ओझेलाने लाव्याची शीळ ऐकली, आणि चुलीवरची मक्याची पेज तशीच टाकून ती बाहेर धावली. पेज लागली. व्हर्डी दिवसभर बोलत होती.

पण एक गोष्ट ग्रेडीच्या मनात टोचत होती. पाइन परतले, लावे परतले, पण तारगवताला बी धरत नव्हतं. होतं ते गवत जुन्याच ठोंबांवर जगत होतं, आणि जिथे ते एकदा मेलं होतं तिथे नवीन उगवत नव्हतं. एका संध्याकाळी उकडलेल्या शेंगा सोलत तो ओसरीवर बसला होता, तेव्हा त्याने विषय काढला.

"मिस ओझेला, या वर्षी आपण मे महिन्यात पेटवून बघू."

ओझेलाने शेंगेचं टरफल फेकलं. "मेमध्ये लावे अंड्यांवर बसतात. माझे डॅडी मेमध्ये काडीसुद्धा ओढायचे नाहीत."

"तुमचे डॅडी नव्हते तेव्हा हे रान कोण पेटवायचं?"

"त्यांचे डॅडी."

"आणि त्यांच्याही आधी? माणूसच नव्हता तेव्हा?"

ओझेलाने वर पाहिलं. लांब दक्षिणेला ढग जमत होते आणि त्यांच्या पोटात लकाकत होतं.

"वीज," ती म्हणाली.

"वीज फेब्रुवारीत पडते का कधी?"

ती हसली नाही, पण तिने मान डोलावली. मग तो सांगत राहिला. वीज पडते ती मे, जून, जुलैत. हजारो वर्षं हे गवत त्याच दिवसांतल्या आगीला सरावलेलं आहे. हिवाळ्यातल्या आगीने ते जगतं, पण फुलायचं विसरतं. लाव्यांची काही घरटी जातील, हे खरं. पण घरटं गेलं तर मादी पुन्हा अंडी घालते, आणि पिल्लं फिरतात ती जळून मोकळ्या झालेल्या जमिनीवर, जिथे किडे टिपायला मिळतात. गच्च गवतात पिल्लाला पाऊल टाकता येत नाही. सगळं रान एकदम पेटवायचं नाही. तिसरा हिस्सा पेटवायचा, बाकीच्यात लावे राहतील.

ओझेला रात्रभर विचार करत राहिली. बापाच्या रीतीबाहेर जाणं तिला जड जात होतं. सकाळी तिने व्हर्डीला विचारलं. व्हर्डी म्हणाली, की डॅडी आईच्या हातचं सोडून दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नसत, आणि आई गेल्यावर माझ्या हातचं खाऊ लागले. माणूस शिकतो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ओढ्याच्या पूर्वेचा तुकडा घेतला. ग्रेडीबरोबर त्याच्या खात्यातले दोघे पाण्याची टाकी घेऊन रस्त्याच्या बाजूला होते. ओझेला आतल्या बाजूने, पेटतं तेल ठिबकवणाऱ्या मशालीतून आगीचे थेंब सांडत चालली होती. साठीतली बाई, पण तो रस्ता तिच्या पायांना पाठ होता. गवत दोन वर्षांचं, फार दाट नव्हतं. वारा आग्नेयेचा, मंद. सगळं ठीक चाललं होतं.

मग वारा पडला. क्षणभर काहीच हललं नाही, आणि पुन्हा सुटला तो पश्चिमेकडून. समुद्राकडून येणारं वारं आणि जमिनीवरचं गरम वारं यांची कुठेतरी टक्कर झाली असणार. तिने पेटवलेली रांग जी तिच्यापासून दूर जात होती, ती वळून तिच्याकडे निघाली. ओझेला घाबरली नाही. असं झालं तर काय करायचं हे तिला ठाऊक होतं. जळून काळ्या झालेल्या जमिनीवर जायचं, तिथे आगीला खायला काही नसतं. ती त्या बाजूला वळली, आणि तिसऱ्या पावलाला तिचा पाय जमिनीत गेला. जुन्या पाइनचा बुंधा जळून गेला की आत मुळांच्या जागी खड्डा राहतो आणि वर गवत वाढतं. पाय मांडीपर्यंत गेला आणि घोटा मुरगळला. मशाल हातातून सुटून लांब पडली. तिने पाय उपसून काढला, उठायला गेली आणि पुन्हा बसली. काळ्या जमिनीपर्यंत तिला जाता येणार नव्हतं.

चारपाच हातांवर वाळूचा एक उघडा ढीग होता. त्या भागातली कासवं जमिनीत लांब बिळं खणतात, आणि उकरलेली वाळू तोंडाशी टाकत टाकत तिथे ओट्यासारखी पसरट जागा तयार होते. त्यावर गवताचं पातंही उगवत नाही, कारण कासव रोज त्यावरूनच ये-जा करतं. ओझेला ढोपरांवर सरपटत त्या वाळूवर गेली. गळ्यातला ओला रुमाल तोंडावर ओढला, अंग आखडून घेतलं आणि तोंड बिळाकडे करून पालथी पडली.

बिळातून थंड हवा येत होती. तळघराचं दार उघडावं तशी, ओलसर, मातीच्या वासाची. ती तीच हवा ओढत राहिली. डावीकडून आवाज जवळ येत होता, तारगवत पेटल्यावर होतो तसा बारीक तडतडाट. तेवढ्यात तिच्या हाताशेजारून काहीतरी गार सरकत गेलं. काळाभोर, जांभळी झाक असलेला साप, तिच्या मनगटाएवढा जाड. त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि बिळात शिरला. त्याच्या मागून एक उंदीर आला. सापाच्या मागे उंदीर. बिळाच्या तोंडाशी तो थबकला आणि मग तोही आत गेला. एक बेडूक आधीपासूनच आतल्या अंधाराच्या कडेला बसलेला होता, गळा हलवत. त्या क्षणी कुणाला कुणाची भूक नव्हती.

ओझेलाला तेव्हा आई आठवली. ती सहासात वर्षांची असताना एका हिवाळ्यात घरात खायला काहीच उरलं नव्हतं, तेव्हा डॅडींनी बिळातून कासव काढून आणलं होतं. आईने ते शिजवलं आणि पोरांना वाढण्याआधी डोळे मिटून देवाचे आणि त्या कासवाचेही आभार मानले होते. पोरं त्यावरून कितीतरी दिवस हसत होती. वाळूवर पालथी पडल्या पडल्या ओझेला तेच करू लागली. सापाचे, बेडकाचे, आत कुठेतरी बसलेल्या त्या कासवाचे, आणि ज्याने हे सगळं एकमेकांत गुंफलं त्याचे.

आग आली आणि ओट्याला वळसा घालून दोन्ही अंगांनी पुढे गेली. शर्टाची पाठ तापली, केसांची टोकं करपली, पण वाळूवर आगीला पाऊल ठेवायला जागा नव्हती. ती डोकं वर करून बघते तो भोवती सगळं काळं आणि धुरकट, आणि त्या काळ्यातून ग्रेडी धावत येत होता. त्याच्या तोंडाला रंग नव्हता. तिला जिवंत बघून तो तिच्या शेजारी वाळूवरच बसला.

तो म्हणाला, "हा माझा हट्ट होता. आजपासून मेमध्ये आग नाही. मी तुमच्या डॅडींचं ऐकायला हवं होतं."

"वाऱ्याला कोण अडवणार," ओझेला म्हणाली. "आणि हे बघा, मिस्टर ग्रेडी, आत सगळं गाव जमलंय. मी आता इथून उठते, नाहीतर त्यांना बाहेर यायला वाट मिळायची नाही. मला हात द्या."

त्याने हात दिला. टाकीवाले दोघे येईपर्यंत ती एका पायावर उभी राहून उरलेला तुकडा कसा पेटवायचा ते सांगत होती. त्याने ऐकलं आणि तसंच केलं.

घरी आल्यावर व्हर्डीने तिला खुर्चीत बसवलं, घोट्याला बर्फ बांधला आणि गरम पाण्याने तिचे केस धुवायला घेतले. करपलेले केस तिच्या बोटांत तुटून येत होते. तिसऱ्यांदा पाणी ओतताना ती म्हणाली, "मला तू त्या शहरातून परत यायला हवी होतीस गं. रानासाठी नाही. मी एकटी होते."

ओझेला म्हणाली, "मला माहीत आहे."

"माहीत होतं तर इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू बोलू देशील तर ना."

व्हर्डीने तिच्या डोक्यावर तांब्या जरा जोरानेच उपडा केला, आणि दोघी हसल्या.

ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी ओझेला घोट्याची कुरकुर सांभाळत पूर्वेच्या तुकड्याकडे गेली आणि जागच्या जागी थांबली. सगळं तारगवत फुललं होतं. कमरेएवढे बारीक सोनेरी तुरे, ओढ्यापर्यंत, आणि वारा आला की सगळं रान एका अंगाला कलायचं. साठ वर्षांत तिने हे कधी पाहिलं नव्हतं. तिच्या बापाने पाहिलं नव्हतं. ती परत घरी गेली आणि व्हर्डीचा हात धरून तिला घेऊन आली. व्हर्डीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, तिला लांबचं धूसर दिसे. ती गवतात शिरली आणि दोन्ही हात पसरून तुऱ्यांवरून फिरवत चालू लागली.

"हे आपलं नाही," ती म्हणाली.

"आपलंच आहे. आपण त्याला कधी फुलू दिलं नव्हतं."

त्या संध्याकाळी ओझेलाने ग्रेडीला फोन केला. त्याने गाडी अशी हाकली की जेवण गार व्हायच्या आत तो दारात होता. तिघं अंधार पडेपर्यंत गवतात उभी राहिली. ग्रेडीने टोपी काढली होती आणि पुन्हा घालायचं विसरला होता. ओझेला त्याला म्हणाली, की डॅडींनी मला रान जगवायला शिकवलं आणि तुम्ही ते फुलवायला शिकवलं, आणि मला दोघांचंही ओझं वाटत नाही, बरं वाटतं. त्याने उगाचच घड्याळाकडे पाहिलं.

बी पिकल्यावर चर्चमधल्या बायका पोती घेऊन आल्या आणि तुरे ओरबाडून नेले. भुईमुगाची जी शेतं कस जाऊन पडीक राहिली होती तिथे ते बी पेरलं गेलं. तारगवत उगवलं की त्यातून आग पसरते. आग पसरली की पाइनच्या बियांना उघडी जमीन मिळते. पाइन वाढले की त्यांच्या सुया पुन्हा गवतात पडून पुढच्या आगीला खाद्य होतात. आणि कोवळं गवत आलं की कासवं येतात. ओझेला हे कुणाला शिकवत बसली नाही. कुणी विचारलं, की त्याला घेऊन रानात चालायची. एकच गोष्ट तिने सगळ्या गावाला बजावून सांगितली. साप पकडायला बिळांत पेट्रोल ओतायची जी रीत होती, ती तिच्या हद्दीत चालणार नाही. ज्यांनी आधी नाकं मुरडली, त्यांनीही पुढे ऐकलं, कारण एवढ्या गोड आवाजात एवढं ठाम बोलणाऱ्या बाईला नाही म्हणणं अवघड होतं.

पुढच्या वर्षांत लाल कल्ल्यांच्या सुतार पक्ष्यांचं एक कुटुंब जुन्या पाइनमध्ये राहायला आलं. ते जिवंत झाडात घर कोरतात आणि भोवती राळेचे ओघळ वाहवतात, म्हणजे सापाला वर चढता येऊ नये. ओझेला दुर्बीण घेऊन त्यांच्याखाली खुर्ची टाकून बसायची. गुडघे गेल्यावर ती मशाल हातात घेत नसे. पिकअपमध्ये बसून खिडकीतून वाऱ्याकडे बघायची आणि कुठून पेटवायचं ते सांगायची. तोवर शेजारचे तिघे जमीनमालक आपापल्या हद्दीत पेटवू लागले होते आणि एकमेकांच्या मदतीला येत होते.

ती गेली ती मे महिन्यात, झोपेत. त्याच आठवड्यात बऱ्याच दिवसांनी वारा हवा तसा लागला होता, आणि तो सोडला तर पावसाळी हवा येणार होती. शेजाऱ्यांना काय करावं कळेना. निवृत्त झालेला ग्रेडी व्हर्डीकडे विचारायला आला. व्हर्डी नव्वदीकडे झुकली होती, पण जीभ तशीच होती.

"माझी बहीण वारा वाया घालवायची नाही," ती म्हणाली. "पेटवा. दफन दुपारी आहे."

सकाळी त्यांनी पश्चिमेचा तुकडा पेटवला. आग नीट गेली आणि ओढ्याशी जाऊन विझली. मग सगळे घरी जाऊन कपडे बदलून चर्चला आले, पण धुराचा वास काही कुणाच्या अंगावरून गेला नाही. पाद्रीबुवांनी प्रार्थना सुरू केली तेव्हा पुढच्या बाकांवरची माणसं जळलेल्या पाइनच्या वासाने भरली होती. व्हर्डीने वळून एकेकाचा हात हातात घेतला, हुंगला, आणि "बरं झालं आलात" एवढंच म्हणत पुढच्याकडे वळली.